वाडीतली दुसरी बाळंतीण

आई,

परवा जोगेश्वरीला गेले होते. आपल्या वाडीच्या जागी आता इमारती उभ्या आहेत, ते तुला सांगण्यात काही हशील नाही, तू असतानाच त्यांची सुरुवात झाली होती. पण खाली गाड्या लावायच्या जागेतून एक मुंगूस रमतगमत गेलं, आणि रखवालदाराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, इतकी त्यांची ओळख असावी. मला फार बरं वाटलं. घरी आले, चहासुद्धा न करता कागद घेऊन बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतंय. तरी लिहिते, कारण तुझ्याबद्दल मी लोकांना जे सांगत आले ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटत नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असेन तेव्हा. देश नुकता स्वतंत्र झालेला, आरे कॉलनीचे रस्ते नवे कोरे, आणि आपल्या कौलारू घराच्या मागे कुंपण संपलं की थेट भातखाचरं, त्यापुढे करवंदीच्या जाळ्या आणि टेकडी. परसात अळू, केळी, विहीर. माणसांपेक्षा इतर बिऱ्हाडंच जास्त होती तिथे. भारद्वाज सकाळी कुंपणावर येऊन घुमायचा. न्हाणीच्या पाण्यावर एक घोरपड यायची, तिला तू "मोठ्या बाई" म्हणायचीस. मुंगूस तर तुझ्या भाकरीच्या वेळेला पडवीत हजर. "आलात? आज उशीर केलात," असं तू तव्यावरची नजर न काढता म्हणायचीस, आणि ते मागच्या पायांवर उभं राहून ऐकून घ्यायचं. एकदा वाशांवरून एक भलीमोठी धामण धप्पकन स्वयंपाकघरात पडली. मी किंचाळत ओट्यावर चढले. तू फक्त पिठाची परात पायाने बाजूला सरकवलीस आणि म्हणालीस, "ओरडू नकोस गं, तिला लागलंय." दारापर्यंत तिला वाट करून दिलीस आणि पुन्हा भाकरी थापायला बसलीस. मला वाटायचं, माझी आई जगात कशालाच भीत नाही.

तू अंधेरीला एका छोट्या प्रसूतिगृहात नर्स होतीस. वाडीत तुला सगळे नर्सबाई म्हणत, आणि वाडीतल्या बायका दवाखान्यात जायला लाजत म्हणून ड्यूटीवरून आल्यावरही तुला कुणाकडे तरी जावं लागे. तिथे तुझी निराळीच लढाई चालायची. नाळेवर राख लावली म्हणून तू एका आजीबाईंना असं काही फैलावर घेतलं होतंस की त्या महिनाभर आपल्या विहिरीवर फिरकल्या नाहीत. बाळाच्या गळ्यातले मळके गंडेदोरे तू सरळ कात्रीने कापायचीस. "शास्त्र, शास्त्र! कुठल्या शास्त्रात लिहिलंय बाळाला घाण बांधा म्हणून?" हे तुझं वाक्य मला पाठ होतं. वर्षानुवर्षं खपून तू त्या वाडीतून एकेक खूळ बाहेर काढत होतीस. हे आधी सांगते, कारण पुढे तू जे केलंस त्याची किंमत त्याशिवाय कळायची नाही.

त्या वर्षी होळी होऊन गेली होती, कैऱ्या धरायला लागल्या होत्या. मी पडलेल्या कैऱ्या वेचायला कुंपणापलीकडे गेले, तर खाचराच्या बांधाला, जुन्या वारुळाच्या पोटात एक बीळ दिसलं, आणि आतून बारीक कुंईकुंई ऐकू आली. मी जाळीमागे दबून बसले. थोड्या वेळाने कोल्हीण आली. कोल्हे आपल्याला नवे नव्हते, दिवेलागणीला त्यांची कोल्हेकुई रोजचीच. पण इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. मातकट रंग, बारीक पाय, पोटाशी दुधाने भरलेली आचळं, आणि चेहऱ्यावर इतका थकवा की मला तुझ्याकडच्या पेशंट बायका आठवल्या. मी धावत घरी येऊन तुला सांगितलं. तुझा हात लाटण्यावर थांबला. "कुठे? किती लांब?" एवढंच विचारलंस आणि मग, "कुणाला बोलू नकोस."

मी बोलले नाही, पण कोंबड्यांच्या पिसांनी चहाडी केली. कोंबड्या वाडीच्या मालकांच्या, ज्यांना आपण सगळेच अण्णा म्हणायचो. मालवणकडचे, तोंडाने फटकळ. त्यांच्या घरी त्याच आठवड्यात सून बाळंत झाली होती, मुलगा झाला होता, आणि ते बाळंतपण तूच केलं होतंस. सोयर चालू होतं. पाचवीची पूजा होऊन गेलेली, चालीप्रमाणे सुनेच्या उशाखाली विळा ठेवलेला. त्या विळ्यालाही तू नाकं मुरडली होतीस, फक्त "बाळापासून लांब ठेवा, धार आहे त्याला," म्हणून सोडून दिलं होतंस. संध्याकाळी तू बाळाची नाळ बघायला गेलीस, मी तुझी पिशवी घेऊन मागे. अण्णा ओटीवर रागाने लाल होऊन बसले होते.

"नर्सबाय, माजी कोंबडी गेली ती गेली. पण घरात अंगावरचा पोर असा आणि भायर ती मेली रडतत. उद्या सकाळी माणसा हाडतंय, बीळ खणून काढतंय आणि सगळ्यांका थयच संपवतंय."

मी तुझ्या पदराला धरलं. तू हात धूत होतीस. धुऊन झाले, पुसलेस, आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणालीस, "उद्या नाही चालायचं."

"कित्याक?"

"सुनेच्या उशाखाली विळा आहे ना? घरातलं एक लोखंड राखणीला बसलं की बारसं होऊन ते उचलेपर्यंत वाडीत दुसरं लोखंड मातीत घालायचं नसतं. कुदळ लागली की राखण तुटते."

अण्णा गोंधळले. "असा कधी ऐकाक नाय."

"अण्णा, तुम्ही किती बाळंतपणं केलीत?"

आतून अण्णांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "नर्सबाय सांगतत ता आयका. नातवापेक्षा तुमची कोंबडी मोठी जाली काय?" आणि अण्णा पुटपुटले, "बरा तर, बारशापर्यंत थांबतंय." मग तू जाता जाता, जणू आत्ताच सुचल्यासारखं, म्हणालीस, "आणि तीही बाळंतीणच आहे. एका वाडीत दोन बाळंतिणी. एकीला शेक-शेगडी आणि दुसरीच्या दारात कुदळ, बरं दिसत नाही."

परत येताना मी विचारलं, "आई, असं खरंच असतं?"

"आता असतं," तू म्हणालीस.

आई, त्या दोन शब्दांवर मी आजही जीव टाकते. जिने वाडीतलं एकेक खूळ हाताने उपटलं, तिने एका कोल्हिणीसाठी स्वतः एक नवं खूळ पेरलं! आणि ते असं रुजलं की पुढे दोन वर्षांनी नळाची जोडणी आली तेव्हा शेजारीण बाळंत झाली होती आणि काकूंनी चर खणायला आलेल्या माणसांना बारशापर्यंत कुदळ उचलू दिली नाही. भर उन्हात तू विहिरीवरून कळशी आणत होतीस आणि बाबा पडवीत बसून म्हणत होते, "आणा, पाणी आणा. शास्त्र कुणाचं?" तू हसून हसून कळशी खाली ठेवलीस.

पण मी पुढे पळाले. त्याच संध्याकाळी, घरी आल्यावर, तू मातीच्या पसरट परळात पाणी भरलंस. खाचरं कोरडी पडली होती, पाणी होतं ते फक्त विहिरीत. "बाळंतिणीला पाणी लागतं, दूध कुठून येणार नाहीतर," म्हणालीस. मी म्हटलं, मी ठेवून येते. मला तर जायचंच होतं. तू म्हणालीस, "नको, मी जाते," आणि मला कुंपणाशी उभं केलंस. बांधापर्यंत तू सावकाश गेलीस. अजून उजेड होता. तू खाली वाकत होतीस तेवढ्यात कोल्हीण जाळीतून बाहेर आली आणि उभी राहिली. तू जागच्या जागी थिजलीस. मग मला तुझा आवाज ऐकू आला, रोज लेबर रूममध्ये वापरत असशील तोच, "घे बाई, पी. मी चालले." परळ ठेवलंस आणि पाठ न वळवता, उलट पावलांनी कुंपणापर्यंत आलीस. तुझी साडी पुढून भिजलेली होती.

"पाणी सांडलं?" मी विचारलं.

"भरलं होतं जास्त," तू म्हणालीस. तुझे दात वाजत होते.

तू आत गेल्यावर बाबांनी मला जवळ घेतलं. "तुझी आई कोल्ह्यांना भिते. तुला ठाऊक नव्हतं? स्टेशनवरून येताना ती करवंदीची वाट टाकून सगळा वळसा घालून येते तो का? मी कंदील घेऊन सामोरा जातो तो काय अंधारासाठी?" मला खरंच वाटेना. सापाला वाट करून देणारी माझी आई! का भितेस हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी तुला निराळ्या नजरेने बघायला लागले. तू रोज पाणी नेऊन ठेवत होतीस, बारशापर्यंत. रोज साडी भिजत होती. मी दोनदा म्हटलं, "मी जाते ना, मला नाही भीती वाटत," आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "पिल्लं लहान आहेत, ती अंगावर येईल. तू नाही जायचं." कोल्हीण मात्र तुझ्या अंगावर आली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती जाळीच्या कडेला बसून तुझी वाट पाहायला लागली, आणि तू येऊन गेल्याशिवाय हलत नसे. मला तिचा हेवा वाटायचा.

बारसं थाटात झालं. विळा उचलला. अण्णा शब्दाचे पक्के, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आणि कुदळी घेऊन बांधावर उभे. तुला अंधेरीला जायचं होतं, पांढरी साडी नेसून तू पडवीत उभी होतीस आणि निघत नव्हतीस. मी कानात बोटं घातली होती. कुदळीचे घाव थांबले तेव्हा बोटं काढली. बीळ रिकामं होतं. आत पिसं, हाडकं आणि कुणाच्या तरी चपलेचा अंगठा. पिल्लांना तोंडात धरधरून ती केव्हाच निघून गेली होती. अण्णा कुंपणाशी आले, घाम पुसला, आणि तुझ्याकडे बघून हळूच हसले. "नर्सबाय, तुमची बाळंतीण गेली गे. आता तरी सुनेच्या उशाखालच्या राखणीचा काय ता खरा सांगशात?" म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं! तरीही बारशापर्यंत कुदळ कोपऱ्यात ठेवली होती त्यांनी. तू नुसते हात जोडलेस.

मी आनंदाने अंगणभर नाचत होते. तू पडवीच्या पायरीवर बसलीस, पांढरी स्वच्छ साडी मातीत, जे तू कधीच करत नव्हतीस. मला वाटलं तूही खूश असशील. तू टेकडीकडे बघत म्हणालीस, "इथे होती तोवर ठाऊक तरी होतं कुठे आहे ती. आता संध्याकाळी यायचं कसं मी?"

मी तेव्हा हसले, आई. लहान होते. तू उठलीस, साडी झटकलीस आणि ड्यूटीवर गेलीस, आणि संध्याकाळी नेहमीच्याच रस्त्याने परत आलीस.

लोकांना मी सांगते ते कोल्हिणीचं आणि विळ्याचं. हशा पिकतो, सगळे म्हणतात, काय धीराची बाई, काय प्राण्यांची माया! तुझ्या भीतीचं मी सांगत नाही. माझ्याकडे मांजरं आहेत, गॅलरीत पाखरांसाठी दाणे असतात, जखमी कावळा कुणाला सापडला तरी इमारतीतली मुलं माझ्याच दारात आणतात. बघणारे म्हणतात, "अगदी आईवर गेलात हो." मला मांजरं आवडतात. पाखरंही आवडतात. ज्यांच्या नुसत्या चाहुलीने माझ्या अंगावर काटा येतो, त्यांच्यासाठी मी आजवर घराचा उंबरासुद्धा ओलांडलेला नाही. तरी "आईवर गेलात" म्हटलं की मी हसते, आणि नाही म्हणत नाही.