झांझिबारच्या सुलतानाला गिऱ्हाईक

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

आज जेवण सासुरवाडीला, टेंभी नाक्यावर. अण्णांच्या (सासऱ्यांच्या) वडलांचं श्राद्ध. खीर, वडे, आमसुलाची चटणी. वडे जरा जास्त झाले. उद्यापासून डाएट.

जेवताना विषय निघाला. मेहुणा तानाजी याचा घोडबंदर रोडचा फ्लॅट तयार झालाय. डिसेंबरात सगळे तिकडे शिफ्ट. तानाजी म्हणाला, नव्या घराला माळा नाही, तेव्हा अण्णांचे तिकिटांचे आल्बम रद्दीत घालू, नाहीतर कुठल्या शाळेला देऊन टाकू. अण्णांनी हातातला वडा तेवढा पानात परत ठेवला. कोलशेतच्या केमिकल कंपनीत स्टोअरकीपरी करता करता परदेशी पाकिटांवरची तिकिटं मागून मागून माणसाने जन्मभर जमवली, आणि हा म्हणतो रद्दी.

मला राहवलं नाही. भर पंगतीत जाहीर केलं की आता इंटरनेटवर लिलाव होतात, अमेरिकन साइट आहे, जगातले शौकीन बोली लावतात. अण्णांचं एक तिकीट विकून दाखवतो, मग रद्दी कोण म्हणतो बघू. तानाजीने विचारलं, भावोजी, तुम्हाला कॉम्प्युटर येतो? मी म्हटलं, ऑफिसात आहे. हे खरं आहे. साहेबांच्या केबिनमध्ये, प्लास्टिकच्या कव्हराखाली.

निघताना अण्णा जिन्यापर्यंत आले. हळूच म्हणाले, चंद्रकांतराव, पैशाचं काही नाही हो. कुणा जाणकाराला आपल्याकडचं एखादं तिकीट हवंसं वाटलं, एवढं कळलं तरी मला पुष्कळ आहे. मी म्हटलं, काम झालं समजा.

६ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या डोंबिवली स्टेशनबाहेर धाकू भोईर याचं सायबर कॅफे आहे. याने बाळकुमची शेती बिल्डरला दिली आणि त्या पैशात हे उघडलं. तासातला निम्मा वेळ इंटरनेटचा फोन लागण्यातच गेला. उरलेल्या वेळात धाकू म्हणाला की साहेब, माउस हवेत नाय फिरवायचा, टेबलावर टेकवा. मला माहीत होतं. मी वजन बघत होतो.

रोज एक तास सराव करायचा. महिन्याभरात एक्स्पर्ट.

९ ऑक्टोबर, शनिवार

सराव झाला नाही. पितृपक्षात नवीन काम सुरू करू नये हे उशिरा लक्षात आलं, नाहीतर कधीच केलं असतं. आता दसऱ्याचाच मुहूर्त. मनाला बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

टेंभी नाक्यावर देवीची गर्दी. रिक्षा लांबच सोडावी लागली.

अण्णांनी तिकीट निवडून ठेवलं होतं. झांझिबारच्या सुलतानाचं, जांभळं, कोरं (हे मात्र विकत घेतलेलं), मागे मूळ डिंक शाबूत. त्याला आजवर चिमट्याशिवाय कुणी हात लावलेला नाही, असं म्हणाले. पाटावर सरस्वती, पुस्तकं, तानाजीचे पाने-पक्कड, सासूबाईंची शिलाई मशीनची कात्री. मी म्हटलं, तिकीट परदेशी निघालंय, त्याचीही पूजा व्हायला हवी. जावयाचा मान म्हणून पूजा मलाच सांगितली. आल्बम उघडला. फूल, अक्षता, आणि सुलतानाच्या दाढीखाली कुंकवाचं एक बोट. बोट जरा ओलं होतं.

अण्णांच्या तोंडून बारीकसा आवाज आला. भरून आलं असणार.

२० ऑक्टोबर, बुधवार

कुंकू जात नाहीये. आधी कापूस, मग खोडरबर, मग ओला बोळा. डिंक एका कोपऱ्याला सुटला. ठिपका होता तो आता गुलाबी डाग झालाय.

मंजुळा (बायको) म्हणाली, अण्णांना फोन करून सांगा. मी म्हटलं, तुला मार्केटिंग कळत नाही. अमेरिकेत सध्या योग, ध्यान, अगरबत्ती यांचं वेड आहे. पूजा झालेलं तिकीट म्हणजे प्लस पॉइंट. विचार करता करता मला हे पटत गेलं.

२३ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६

लिलाव चढवला. स्कॅनिंग धाकूने केलं, बाकी सगळं मी. (टायपिंगही धाकूने. मजकूर माझा.) सुरुवातीची बोली दहा डॉलर, मुदत सात दिवस. वर्णनात लिहिलं की हिंदू देवतेसमोर विधिवत पूजा झालेलं जगातलं एकमेव झांझिबार तिकीट. धाकूने विचारलं, साहेब, झांझिबार कुठं आलं? मी म्हटलं, बाहेर.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

बोली नाही. अमेरिकेत आत्ता रात्र असेल.

अण्णांचा फोन ऑफिसात आला. काही हालचाल? मी म्हटलं, चारपाच जण घिरट्या घालतायत. हे वाक्य तोंडातून आपोआप निघालं. फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते.

२७ ऑक्टोबर, बुधवार

इंग्लंडहून मेल. डेव्हिस नावाचे गृहस्थ. दाढीखालचा लाल डाग कसला, असं विचारलंय. मी दसरा, सरस्वती, सोनं लुटणे, जावयाचा मान हे सगळं सविस्तर कळवलं. धाकू टाइप करून थकला.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

डेव्हिसचं उत्तर. माहिती मजेशीर वाटली म्हणतो. डागामुळे किंमत फार उरलेली नाही, पण सुलतानाच्या त्या मालिकेत त्याच्याकडे नेमकं हेच एक नाही, आणि तो बरीच वर्षं ते शोधतोय. म्हणून दहा डॉलरची बोली लावली आहे.

दहा डॉलर. यातून टपालखर्च आणि साइटचं कमिशन वजा करायचं. तानाजीला काय सांगू? इतका गाजावाजा करून भेळेचे पैसे आले? छे. भाव चढवायलाच हवा. शेअर बाजारात मोठमोठे लोक हेच करतात.

३० ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.

चार वाजता धाकूकडे गेलो. दुसरं खातं उघडलं. नाव रॉबर्ट, मुक्काम ओहायो. रॉबर्टने पंधराची बोली लावली. थोड्या वेळाने डेव्हिस अठरावर गेला. बघा, युक्ती बरोबर होती. रॉबर्ट पंचवीसवर. डेव्हिस सत्तावीसवर. मला घाम फुटला, पण तो आनंदाचा. तानाजीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि रॉबर्टने एकदम चाळीस लावले.

मग डेव्हिस आलाच नाही. मी स्क्रीनकडे बघत बसलो. सहा वाजता लिलाव संपला. अभिनंदन, रॉबर्ट.

धाकू मागे उभा होता. म्हणाला, म्हंजे साहेब, तुमचाच माल तुम्हीच घेतलात ना? मी म्हटलं, हे टेक्निकल आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी डेव्हिसला मेल केला की अमेरिकन गिऱ्हाईक अडचणीत आलंय, तिकीट तुम्हालाच दहाला देतो. नंतर सासुरवाडीला गेलो. खरं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो.

दारातच अण्णांनी विचारलं, गेलं का? मी हो म्हटलं. चाळीस डॉलर. ओहायोचे रॉबर्ट. अण्णा खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले, बराच वेळ. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तानाजी म्हणाला, मानलं भावोजी, मी उगाच बोललो. मग त्याने स्वतः जाऊन माळ्यावरचे आल्बम खाली काढले आणि पुसून ठेवले.

रक्कम मी दिवाळीच्या बोनसमधून अण्णांच्या हातात ठेवली. मंजुळाला सांगितलं, बोनस यंदा कमी आहे. खिशात पाकीट, पाकिटात सुलतान. जिना उतरताना पाय जड झाले होते. वडे यावेळी नव्हते.

२ नोव्हेंबर, मंगळवार

डेव्हिसचं उत्तर. लिलाव हरल्यावर त्याच दिवशी त्याला योगायोगाने तसंच तिकीट दुसरीकडे मिळालं. शुभेच्छा दिल्यात.

१० नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज

वाईट झालं.

मंजुळाने तानाजीला ओवाळल्यावर अण्णांनी सगळ्यांसमोर कापडात बांधलेलं बासन माझ्यापुढे ठेवलं. पूर्व आफ्रिकेचा पूर्ण आल्बम. सुलतानाची उरलेली मालिका त्यातच आहे. म्हणाले, एवढ्या लांबून ज्याला एका तिकिटाची कदर वाटली, त्याच्याकडे सगळी मालिका एकत्र राहू दे. पैसे नकोत, भेट म्हणून पाठवा. तानाजीकडे बघून म्हणाले, माझ्यामागे कोण बघणार आहे यांच्याकडे.

मी म्हटलं, अण्णा, कशाला. अण्णा म्हणाले, तुमच्यामुळे झालं हे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सगळ्यांना वाटलं आनंदाने.

आल्बम दिवाणाखाली ठेवलाय.

१४ नोव्हेंबर, रविवार

मंजुळाला दिवाणाखाली झाडताना बासन सापडलं. सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं रागावेल. ती खाली फरशीवर बसून राहिली. मग म्हणाली, अहो, माझ्याशी खोटं बोललात तर मी भांडेन तरी. अण्णा तुम्हाला काही बोलणार नाहीत. त्या दिवशी कुंकवाचं बोट लावलंत तेव्हाच तिकीट वाया गेलं हे त्यांना कळलेलं, मी त्यांचा चेहरा बघितला. जावयाला कसं अडवायचं म्हणून गप्प राहिले.

म्हणजे तो आवाज त्याचा होता. आज जेवण गेलं नाही. उद्याच खरं सांगतो.

१५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात स्टॉकटेकिंग. जमलं नाही.

२४ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांचा फोन. रॉबर्टना पार्सल पोचलं का? काही कळवलं का? मी म्हटलं, पत्र येतंय.

आता पत्र यायला हवं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

धाकूकडे पत्र तयार केलं, प्रिंट काढली. खाली रॉबर्टची सही डाव्या हाताने केली. मजकूर चांगला उतरलाय. आल्बम म्हणजे खजिना आहे, भारतीय संस्कृती महान आहे वगैरे. फोर्टच्या फूटपाथवरून वापरलेलं अमेरिकन तिकीट आणलं आणि लांबट पाकिटावर फेव्हिकॉलने चिकटवलं. मंजुळाने पाहिलं. हे शेवटचं खोटं. यानंतर नवं आयुष्य, डाएटसकट.

५ डिसेंबर, रविवार

पत्र दिलं. म्हटलं, माझ्या पत्त्यावर आलं. अण्णांनी पत्र लगेच काढलं नाही. आधी पाकीट उजेडात धरलं, मग भिंग घेऊन तिकीट बघितलं. खूप वेळ बघितलं. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. अमेरिकेचा शिक्का तिकिटाच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. पाकिटावर त्याची पुढची रेघ नव्हतीच. जन्मभर ज्याने पाकिटंच बघितली त्याच्याकडे मी हे घेऊन गेलो.

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. पत्र वाचून व्यवस्थित घडी केली. सासूबाईंना म्हणाले, रॉबर्टसाहेब फार चांगलं लिहितात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, त्यांना कळवा, बघून झालं असेल तर आल्बम परत पाठवला तरी चालेल. मला त्याच्याशिवाय करमत नाही.

१२ डिसेंबर, रविवार

सामान हलवायला टेंपो आला होता. मी आल्बम पिशवीतून नेला. सुलतानाला आधीच त्याच्या जागी ठेवलं होतं, डागासकट. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून.

तानाजीने विचारलं, हे काय, परत कसं आलं? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, रॉबर्टने पाठवलं, असा संग्रह घरातच राहायला हवा म्हणाला. तानाजीने नव्या हॉलच्या शोकेसमध्ये वरचा कप्पा आल्बमना जाहीर करून टाकला. माझ्या पाठीवर थापही मारली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटची फेरी भरायची होती तेव्हा रिकाम्या खोलीत अण्णा आणि मी दोघंच उरलो. अण्णांनी आल्बम उघडला, सुलतानाचं पान बघितलं, मिटला. मी म्हटलं, अण्णा, चुकलो. त्यांनी मान हलवली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, चंद्रकांतराव, आता खरं सांगा. कुणीच विचारलं नव्हतं ना?

मी घाईघाईने सांगितलं, विचारलं होतं. इंग्लंडचे डेव्हिस. त्यांच्याकडे नेमकं हेच नव्हतं, बरीच वर्षं शोधत होते, डाग असूनही हवं होतं. मीच मूर्खपणा केला आणि घालवलं.

अण्णा हसले. माझा हात थोपटला. म्हणाले, असू दे, असू दे. तुम्ही माझं मन राखायला बघता, कळतं मला.

संध्याकाळी धाकूकडे जाऊन डेव्हिसच्या मेलची प्रिंट काढली. परत येताना हातात धरून पाहिली. रॉबर्टचं पत्र निघालं तोच प्रिंटर, तोच कागद, तसंच इंग्रजी. मी अण्णांच्या जागी असतो तरी विश्वास ठेवला नसता. घडी करून या वहीत ठेवली आहे.