बल्लारपूर ते कोसमटोला, व्हाया कूप

४ जानेवारी १९८७
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोहीम फत्ते झाल्यावर बघू.

मोहीम अशी: बल्लारपूर ते कोसमटोला, सायकलने, जंगलातून. सडकेने बस जाते. बसमध्ये बसून कोणीही जातं. मी आडवाटेने जाणार. अंदाजे पंच्याण्णव किलोमीटर.

कोसमटोल्याला माझी बायको मीरा नर्स आहे, सरकारी उपकेंद्रात. आष्टीच्या पुढे फाटा, फाट्यापासून अकरा किलोमीटर आत. जूनमध्ये रुजू झाली. मी अजून गेलो नाही. पावसाळा होता. मग थंडी आली.

काल तिचं पत्र आलं. ३१ मार्चला तिला फॉर्म भरून द्यायचा आहे. तिथंच आणखी तीन वर्षं राहणार, की बदली मागून इकडे येणार. लिहिते, तुम्ही एकदा येऊन गाव पाहा, मग दोघं मिळून ठरवू.

जवळजवळ तीन महिने आहेत. तेवढ्यात माणूस हिमालय चढून येतो.

११ जानेवारी, सकाळी ७
सायकल जलालुद्दीनकडे टाकली. बस स्टँडसमोर त्याचं दुकान. कामं सांगितली: नवे छर्रे, नवी चेन, डायनॅमो, पुढे जादा कॅरिअर, दोन बाटल्यांसाठी पकड, किलोमीटर मोजायचं मीटर. शिवाय मडगार्डवर पाटी, ‘वन-भ्रमण’. जलालभाई म्हणे, खुशालभाऊ, सायकल चालवून राह्यले का दुकान टाकून राह्यले?

अडाणी माणूस. मोहिमेचं एक शास्त्र असतं.

२५ जानेवारी
सराव सुरू. उद्दिष्ट: कोठारी, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. प्रत्यक्षात: सहा किलोमीटर. वारा समोरून होता. परत येतानाही समोरूनच होता, हे विशेष.

मांड्या धरल्या आहेत. उद्या झेंडावंदनाला उभं राहवेल की नाही, शंका आहे.

५ फेब्रुवारी
मोठा दिवस! मी कागदाच्या कारखान्यात बांबू सेक्शनला क्लार्क. चौदा वर्षं माझ्या टेबलामागच्या भिंतीवर जंगलाचा नकाशा टांगलेला आहे. आज प्रथमच त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. त्यावर लाल रेघा आहेत. जंगलाचा जो तुकडा तोडायला काढतात तो कूप, आणि कुपापर्यंत ट्रक जावा म्हणून काढलेला कच्चा रस्ता म्हणजे लाल रेघ. एक रेघ कोठारीच्या पुढून आत शिरते. दुसरी आष्टीच्या बाजूने येते. मध्ये जेमतेम चार बोटं कोरी जागा आणि एक निळी रेघ. निळी रेघ म्हणजे वैनगंगा. उन्हाळ्यात पाणी कमी असतं.

दुपारच्या सुट्टीत सगळं ट्रेसिंग पेपरवर उतरवलं. मधली चार बोटं मी लाल पेन्सिलीने जोडली. रस्ता तयार.

चौदा वर्षांत हे कोणाला सुचलं नाही. साहेबांना तर नाहीच.

मीराला पत्र टाकलं: रस्ता सापडला आहे. महिनाअखेर निघतो. फॉर्मची घाई करू नये.

२२ फेब्रुवारी
निघालो नाही. कोठारीकडे अस्वल दिसल्याची बातमी आहे. कोणी सांगितली ते आठवत नाही, पण बातमी पक्की.

आई म्हणे, खुशाल, बसनं काऊन जात नाईस? चार घंट्यात पोचशीन. ते पोरगी एकटीच राहून राह्यली तिथी. आईला सांगितलं, बसने गेलं की गाव येतं, जंगल येत नाही. वाक्य चांगलं जमलं. आई भाजी चिरायला निघून गेली.

दिवसभर एका जागी बसवलं नाही. चेन तीनदा पुसली. हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. अंगणात चार चकरा मारल्या, सायकल हातात धरून.

मीराला पत्र: मार्चमधल्या एखाद्या रविवारी नक्की.

७ मार्च
मीराचं पत्र. तिथल्या शाळेतल्या मुखरू गुरुजींची सायकल मागून घेते म्हणे, आणि लशींची पेटी मागे बांधून सहा पाडे हिंडते. पहिल्यांदा दोनदा पडली. आता पडत नाही. एका पाड्यावरच्या बायनाबाईच्या नातवाचा ताप उतरला, तर तिने मीराला तांदळाची भाकर बांधून दिली.

गंमत म्हणून ठीक आहे. खरं सायकलिंग वेगळं. तिला कळवलं, मी आलो की चढावर दम कसा राखायचा ते शिकवीन.

२२ मार्च, संध्याकाळी ६
निघालो! पहाटे पाचला घर सोडलं. कोठारीला दोनदाच बसलो. पुढे लाल रेघेवर वळलो.

पहिला तास काय सांगावा. साग उघडे, पळस फुललेला, मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचतायत. त्या वासाने डोकं हलकं झालं. मोठ्याने गाणं म्हटलं. आपण यासाठीच जन्मलो, असं वाटलं. हे मीराला दाखवायला हवं, असंही वाटलं. मग लक्षात आलं की ती हे रोज बघते.

अकराला रस्ता संपला. वळला नाही, फुटला नाही. संपला. पुढे पुरुषभर उंच बांबूचा ढीग, बाजूला तोडणारी माणसं जेवत बसलेली. लालसू नावाचा म्हातारा त्यांच्यातला जाणता. त्याला नकाशा दाखवला. त्याने उलटा धरला, सुलटा धरला, आणि मलाच विचारलं, कुठी जाता बाबू? म्हटलं, हा रस्ता पुढे आष्टीकडे जातो. तो म्हणे, पुढं कसा जाईन? बांबू इथीच संपला. रस्ता बांबूसाठी केला, माणसासाठी थोडीच केला! सगळे हसले. मीही हसलो, शिष्टाचार म्हणून.

चौदा वर्षं मी त्याच बांबूचे आकडे लिहितो आहे. याच्याबद्दल जास्त लिहायचं नाही.

लालसू म्हणे, पायवाट हाय, सायकल हातानं न्या लागन. मी नदीवर सोडून देतो, तिथी डोंगा भेटते, सांजच्याले आष्टीत. म्हणजे जाता आलं असतं. मी बराच विचार केला. उद्या ऑफिस. शिवाय बांबूचा ट्रक भरून निघत होता, आणि ड्रायव्हर ओळखीचा.

मीटरवर एकोणतीस किलोमीटर. परतीचे तेवढेच धरायला हरकत नाही. सायकल सोबतच होती.

एकूण मोहीम पन्नास टक्के यशस्वी.

२६ मार्च
मीराचं पत्र, पाच ओळींचं. तीन रविवार झाले, ती फाट्यावर येऊन बसते. अकरा किलोमीटर यायचं, अकरा जायचं. बस थांबते, लोक उतरतात, बस निघून जाते. लिहिते, बसनंच या. बसनं आल्यानं कोणी लहान होत नाई.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा उघडलं नाही.

रविवारी बसने जाणार. पक्कं.

२९ मार्च
स्टँडवर गेलो होतो. सव्वासातची बस. खच्चून गर्दी. चार तास उभ्याने गेलो तर गुडघ्यांवर ताण येणार, म्हणजे आजवरचा सराव पाण्यात. शरीर सायकलसाठी राखून ठेवलं पाहिजे. बस समोरून गेली. हात करावासा वाटला. केला नाही.

जलालभाई दुकानातून बघत होता. एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. आज मान वळवून एका चाकाला तेल देऊ लागला, तेच जास्त लागलं.

३१ मार्च
आज फॉर्म. बदलीच मागितली असणार. नवऱ्याला न विचारता बायको असलं काही ठरवत नाही. आईलाही तसंच सांगितलं. आई म्हणे, तुले इचारलं नाई का तिनं? जानेवारीपासून इचारूनच तं राह्यली.

आईला मुद्दा कळत नाही.

१३ एप्रिल
मीरा आली. उद्या जयंती, म्हणून आठवड्याची रजा काढली आहे. उन्हाने रापली आहे. चालणं भरभर झालं आहे. हात धरला तर तळव्याला घट्टे.

चहा पिऊन सायकलभोवती एक फेरी मारली. पाटी वाचली. मीटरकडे पाहून विचारलं, किती फिरली? म्हटलं, अठ्ठावन्न किलोमीटर. आई आतून ओरडली, अर्धे टरकात बसून! मीरा हसली. मला बरं वाटलं. वातावरण अनुकूल आहे. बदलीचं उद्या विचारतो.

१६ एप्रिल
काल-परवा विचारायचं राहिलं. जयंतीच्या मिरवणुकीत ती पांढरं लुगडं नेसून पुढे होती आणि मी मागे. आज तिनंच सांगितलं. फॉर्म भरला. तीन वर्षं, कोसमटोला.

म्हटलं, मला न विचारता? ती म्हणे, एकतीस तारखेले पाच वाजेपर्यंत वाट पाह्यली. मंग शिपाई फॉर्म घेऊन गेला. आवाज चढवला नाही. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती. वाऱ्याचं होतं, अस्वलाचं होतं, गुडघ्याचं होतं.

मग म्हणे, गुरुजीची सायकल वापस करा लागते. सरकारी मंजूर हाय, पण आली नाई. तुमची नेते. म्हटलं, अगं ती पुरुषांची आहे, मध्ये दांडी आहे. ती म्हणे, मंग गुरुजीची काय बायांची होती?

१८ एप्रिल
जलालभाईने डायनॅमो काढला, पुढचं कॅरिअर काढलं, बाटल्यांची पकड काढली, पाटी काढली, मीटर काढलं. अर्ध्या तासात. मीरा उभं राहून ब्रेक तपासत होती. जलालभाई म्हणे, हं, आता सायकल दिसून राह्यली.

काढलेलं सगळं पिशवीत भरून मी घरी आणलं. पिशवी चांगलीच जड आहे.

१९ एप्रिल
मीरा पहाटे निघाली. सडकेने. आज गोंडपिपरीला मावसबहिणीकडे मुक्काम, उद्या कोसमटोला. मी नाक्यापर्यंत बाजूने चालत गेलो. तिचं सामान हँडलला अडकवलेलं होतं. ते पुढे हेलकावत होतं, म्हणून म्हटलं, मागे का नाही बांधलंस?

ती थांबली. म्हणे, मागं तुमच्यासाठी ठेवलं. बसा. गाव पाहून घ्या अन् बुधवारच्या बसनं वापस या.

मी कॅरिअरकडे बघत राहिलो. कोसमटोल्यात सगळे तिला ओळखतात. मागून उतरणारा हा कोण, असं विचारतील, आणि ती म्हणेल, माझा नवरा, आणि ते मला वरपासून खालपर्यंत बघतील. जानेवारीपासून मला तेवढीच भीती होती. अस्वल नव्हतंच.

म्हटलं, मला ऑफिस आहे.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बरं म्हणाली, दांडीवरून पाय टाकला आणि निघाली. वळणाशी एक ट्रक आला, तिने शांतपणे त्याला बाजू दिली. पुन्हा दिसली नाही.

घरी येऊन आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. आईला म्हटलं, डबा दे, उशीर होतो आहे. आई म्हणे, कायचा डबा? आज रविवार हाय.

मीरालाही ठाऊक होतं.