हिरवी टिकली कुठे लावू?

प्रिय शालिनी,

‘प्रिय’ बघून हसू नकोस. चौतीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. ‘अगो’ म्हटलं की भागत होतं. आज लिहितोय, कारण सकाळपासून एक विचारायचंय आणि विचारायला घरात कोणी नाही. पॅसिफिकात वादळ उठलंय. तुझ्या नकाशाच्या उजव्या कडेला, जिथे कागद फाटलाय, तिथून निघालंय. मी लाल टिकली लावली. पण हिरवी कुठे लावू गो?

मंदारचं जहाज तिथेच कुठेतरी आहे, एवढं त्याच्या कंपनीच्या ऑफिसातून कळलं. नक्की कुठे, ते आपल्या लेकाने मला कळवलेलं नाही.

तो पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा त्याचाच शाळेतला जगाचा नकाशा तू स्वयंपाकघरात ठोकलास, आठवतं? हिरवी टिकली म्हणजे जहाज, लाल म्हणजे वादळ. रोज तो तुला आकडे पाठवायचा, किती उत्तर, किती पूर्व, आणि तू चष्मा लावून नेमक्या जागी टिकली चिकटवायचीस. अटलांटिक म्हणू नकोस, मादागास्कर म्हणू नकोस, एक वादळ सुटलं नाही तुझ्या हातून! मंदार ब्राझीलला असला तरी जपानकडच्या वादळाला टिकली लागायचीच. मी विचारायचो, “अगो, तिथे आपला कोण आहे?” तू म्हणायचीस, “कुणाचा तरी असेलच की!”

आणि मी काय करायचो? चेष्टा. “कॅप्टनकडे एवढी यंत्रं आहेत, तुझ्या टिकल्यांनी काय जहाज वळणार?” जन्मभर एसटी चालवलेला माणूस मी. आंबा घाटातलं वळण सांग, डोळे मिटून घेईन, पण समुद्रातलं मला काय कळतंय? मंदारचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, “बाबा, आईला द्या.” मी द्यायचो आणि पेपर उघडायचो. एकदा तरी तुझ्या शेजारी बसून ऐकायला हवं होतं.

पण तूही कमाल केलीस हो! जायला काही वेळकाळ? मंदारच्या मागे वादळ लागलेलं, त्या दिवसाची लाल टिकली तू बोटावर घेतलेली, आणि ओट्यापाशी खाली बसलीस ती बसलीसच. डॉक्टर आले तेव्हा टिकली अजून तुझ्या बोटावर होती.

मी मंदारला सांगितलं नाही. इंजिनात काम करणारा पोरगा, जहाज हेलकावे खातंय, अशात डोक्यात आईचं मरण घेऊन खाली उतरला असता तर? पुतण्याने अग्नी दिला. स्मशानातून घरी आलो तर फोनवर मेसेज, “आईला विचारा, कुठे वळेल?” मी लिहिलं, तिचा घसा बसलाय, बोलता येत नाही. मग नकाशासमोर उभा राहिलो आणि तुझंच नेहमीचं वाक्य पाठवलं, “आई म्हणते, वर चढलं की उजवीकडे मान फिरवतं मेलं.” चार दिवस, शालिनी! चार दिवस मी तुझ्या नावाने उत्तरं देत होतो. पाचव्या दिवशी वादळ खरंच वळलं, आणि मी त्याला फोन लावला.

तो रडला नाही. एवढंच म्हणाला, “म्हणजे मी चार दिवस कुणाशी बोलत होतो?”

पुढच्या बंदरात उतरून घरी आला. आठ दिवस राहिला, नकाशाकडे पाठ करून जेवला, आणि मुंबईला मित्राकडे निघून गेला. तुझ्या अंत्यविधीला पोचता आलं नसतं, हे त्यालाही कळतं. राग त्या गोष्टीचा नाहीच. तुझ्या तोंडी मी शब्द घातले, त्याचा आहे. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू? त्या चार दिवसांत मलाही बरं वाटत होतं गो. ‘आई म्हणते’ असं लिहिलं की तू आत ओट्याशी आहेस असं वाटायचं. हे त्याला सांगायचा धीर झाला नाही.

तीन महिन्यांपूर्वी तो पुन्हा जहाजावर गेला. ‘चढलो’, एवढाच मेसेज. तेव्हापासून घरात आवाज येतो तो शेजारच्यांच्या कुकरचा. तुझं टिकल्यांचं पाकीट संपलं म्हणून बाजारात गेलो, तर बांगड्यांच्या दुकानातली बाई माझ्याकडे बघतच राहिली. लाल दिल्या तिने. “हिरव्या पण?” म्हणाली. म्हटलं, हिरव्या पण. ते हिरवं पाकीट अजून फोडलेलं नाही.

थांब. इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. मंदारचा मेसेज आहे. आधी नुसते आकडे, १९ उत्तर, १३१ पूर्व. मला वाटलं, संपलं. मग खाली दुसरी ओळ आली, “बाबा, तुम्हाला काय वाटतं? वळेल का?”

तुम्हाला! आईला द्या नाही गो, तुम्हाला!

पाकीट फोडलं. हिरवी टिकली लावली. लाल आणि हिरवीमध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर आहे. तुझं ते मान फिरवायचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. लिहिलं, “मला माहीत नाही रे. पण मी नकाशासमोर उभा आहे.”

तुला शब्द देतो, यापुढे तुझं नाव पुढे करणार नाही. जे दिसेल ते माझ्याच तोंडाने सांगेन, चुकलं तर चुकलं. आणि मंदार बंदराला सुखरूप लागला, तरी लाल टिकल्या लावायचं थांबवणार नाही. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही वादळ उठू दे. तिथे कुणाचा तरी असेलच की.

तुझा ‘अहो’,
दत्ताराम