बायकांच्या फाइलीत शिवणकाम

४ जून

बँकेतून कागद परत. कापड विणायच्या मागासाठी कर्ज मागितलं होतं. जुना, छोटा, कसाही चालेल, पण स्वतःचा. चादरीचं डिझाईन कॉम्प्युटरवर काढलं की हातभर विणून चादरवाल्या शेठला कापडच दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन "माग रिकामा झाला की सांगा हं" करत बसायचा कंटाळा आलाय. साहेबानं माझं गेल्या वर्षीचं आयकराचं रिटर्न पुढं सरकवलं. म्हणे, "मॅडम, तुमचा व्यवसाय शिवणकाम. मग माग कशाला? शिलाई मशीनला योजना आहे, ती घ्या की."

वाचलं. खरंच शिवणकाम. नोकरी सोडल्यापासून चादरी-टॉवेलची डिझाईनं काढून पोट भरते, आणि सरकारच्या लेखी मी ब्लाउज शिवते. आईला सांगितलं तर ती खो खो हसली. "तुला साधं बटन लावता येत न्हाय."

मला हसू आलं नाही. शिसारी आली. नाव माझं, पॅन माझा, आणि आत भलतीच बाई.

६ जून

दादाला फोन. टेंभुर्णीत लग्नाचा मंडप घालत होता, मागं खांब ठोकल्याचा आवाज. माझं रिटर्न त्याचाच टॅक्सवाला भरतो. (यापुढं नुसतं टॅ.वा., पूर्ण लिहायची त्याची लायकी नाही.)

दादा: "आगं, मंडपाच्या धंद्यातली थोडी रक्कम तुझ्या नावावर दाखवली. माझ्यावर लई बोजा येतो. तुझं काय गेलं त्यात?"

मी म्हटलं, माझं कर्ज गेलं.

"मग मी बोलतो की बँकेत. वळखीचा हाय."

म्हणजे आधी माझं नाव खायचं, मग ओळखीवर परत द्यायचं. फोन ठेवला. जेवले नाही, राग खूप आला की मला भाकरी जात नाही.

७ जून

नवी पेठेत टॅ.वा.च्या ऑफिसात. जिना चढताना पानाच्या पिचकाऱ्या, वर गेल्यावर एसी. तो पोहे खात होता, खाता खाताच बोलला.

"ताई, बायकांच्या फाइली अशाच असतात. शिवणकाम, नायतर शिकवणी. कुणी विचारत न्हाय."

मागं कपाटात गठ्ठेच्या गठ्ठे. अमक्याची बायको, तमक्याची आई, भावजय, बहीण. सगळ्या शिवतात. इतक्या बायका खरंच शिवत असत्या तर गावात फाटकं काही उरलं नसतं. मी विचारलं, माझी डिझाईनची कमाई कुठाय यात? तर म्हणाला, ती दाखवायची गरजच नाही, "किरकोळ हाय."

किरकोळ. त्याच्या मिशीला शेव लागली होती. मी सांगितलं नाही.

यंदा माझं मी भरणार. आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड मागितला. "मालकांना विचारून देतो," म्हणाला. मालक म्हणजे दादा. मी कोण मग?

१० जून

नरसय्या शेठकडे गेले. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बिलातून टीडीएस कापतात, त्याचं काय होतं विचारलं. शेठनी सर्टिफिकेट काढून हातात दिलं, वर तेच चिडले. "ओ ताई, आमी तुमच्या नावानं भरलाय. तुमी मागत न्हाय तर आमी काय करणार?"

बरोबरच आहे त्यांचं. माझा कापलेला कर माझ्या नावावर पडून, आणि मी तिकडे काज-बटण करतेय. वा रे वा.

१२ जून

घरी लॅपटॉपवर बसले. पासवर्ड विसरलात? दाबलं. आधारच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला म्हणे. माझा फोन गप्प. आधारला नंबर दादाचा. कार्डं काढली तेव्हा घरात मोबाईल त्याच्याकडेच होता, सगळ्यांना तोच लावलाय. आई, मी, मंगलवहिनी. लग्न होऊन आली त्याच वर्षी वहिनीचंही कार्ड त्याच नंबरला.

दादाला फोन केला, ओटीपी सांग.

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. तूच शिकवलंस की मला."

आणि हसला. शिकवलं होतं, खरंय, त्याला लॉटरी लागल्याचा फोन आला होता तेव्हा. आता माझंच मला ऐकवतोय.

१६ जून

आधार केंद्र. रांग रस्त्यापर्यंत, ऊन असं की चप्पल पोळते. नंबर बदलायचाय म्हटल्यावर काउंटरवरची पोरगी: "मिस्टरांचा द्या की, कायम राहतो."

"मिस्टर नाहीत. मोबाईल आहे."

ती ओशाळली. अंगठे घेतले, पावती दिली. काही दिवसांनी मेसेज येईल. पन्नाशीकडं निघालेल्या बाईला स्वतःच्या फोनवर स्वतःचा निरोप यावा म्हणून अंगठा लावावा लागतो. छी.

२१ जून

व्हिडिओ बघून शिकतेय. पुण्याची कोणी बाई आहे, दर वाक्याला "एकदम सिंपल". तिच्या घरचं सगळं सिंपल असणार. मला 'आर्थिक वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' हे दोन वेगळे आहेत हेच कळायला दुपार गेली. पैसे एका वर्षात मिळवायचे आणि नाव पुढच्या वर्षाचं लावायचं. हे कुणी ठरवलं असेल त्याला माझ्यापुढं आणा.

खर्चाच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. प्रिंटरची शाई, लॅपटॉपची दुरुस्ती, कारखान्यात नमुना विणून घेतला त्याची मजुरी. डबा उघडला तर निम्म्या कोऱ्या. मशीनच्या पावतीवरची शाई उन्हाळ्यात उडून जाते. एक वर्ष मी कोरे कागद जपले. आता बँकेचं पासबुक घेऊन ओळ न् ओळ आठवत बसायचं.

२५ जून

आई आज दादाच्या बाजूनं. "भाऊ हाय तुझा. लोकं काय काय करत्यात बहिनीसाठी. त्यानं तुझ्याकडं एवढंच मागितलं."

मागितलं कुठं? घेतलं. हे बोलले तर ती उठून देवापाशी जाऊन बसली. ती तिथं बसली की मला पुढं बोलता येत नाही, आणि ते तिला माहीत आहे.

पण झोंबलं. बाबा गेल्यावर माझी फी दादानंच भरली. त्याला अडकवायचं नाही मला. पण मला माझं काम माझ्या नावावर पाहिजे. दोन्ही एकदम होत नसेल तर मी काय करायचं?

१ जुलै

आधारचा मेसेज आला. नंबर बदलला. दिवसभर टॉवेलच्या किनारीत अडकले होते, नरसय्या शेठना मोर पाहिजे, त्यांच्या मुलाला नको. पोर्टलचं उद्या.

२ जुलै

जेवायच्या वेळेला फोन वाजला. ओटीपी. आयकराचा. मी काहीच दाबलेलं नाही, ताट पुढ्यात. म्हटलं आला लबाडाचा मेसेज. पाठोपाठ आणखी एक. मग दादाचा फोन, एकदम गोड.

"सुने, तुझ्या फोनवर एक नंबर आला आसंल बग. तेवढा वाचून दाखव की."

तेव्हा पेटली ट्यूब. टॅ.वा.नं यंदाचं रिटर्न मला न विचारता भरून टाकलं, आणि शेवटी आधारचा ओटीपी टाकायला गेला तर तो दादाकडे येईना. नंबर माझा झालाय हे त्यांना आत्ता कळलं.

मी म्हटलं, "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

आवाजातला गोडवा गेला. मग, "चेष्टा नको. तो मानूस समोर बसलाय."

"बसू दे."

ताट तसंच ठेवून लॅपटॉप उघडला. पासवर्ड विसरलात. ओटीपी माझ्या हातात आला. आत गेले. पहिल्यांदाच. यंदाचं रिटर्न भरलेलं, पडताळणी बाकी. व्यवसाय: शिवणकाम. रक्कम गेल्या वर्षीपेक्षा जास्त. म्हणजे धंदा वाढला माझा, शिवणाचा.

ईमेल टॅ.वा.चा, फोन दादाचा. दोन्ही काढून माझे टाकले.  

३ जुलै

दादा घरी. चप्पल न काढता आत आला, तेव्हाच ओळखलं. आई चहा टाकायला आत.

"ती रक्कम आता मी कुटं घालू?"

"तुझ्या फाइलीत. तुझीच आहे."

"एवड्या वर्षी राहू दे. फुडच्या वर्षी तुझं तू बग. मी शब्द देतो."

मी म्हटलं, मला माग घ्यायचाय. म्हणाला, "माग, माग. ह्या वयात माग घेऊन करनार काय? कुनासाटी?"

आईनं आतून ऐकलं. चहा घेऊन आली, दादाच्या पुढं ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्याकडंही नाही बघितलं.

दादा चहा न पिता गेला. कुनासाटी. हा शब्द दिवसभर कानात. लाज वाटली, त्याची की माझी ते कळेना.

५ जुलै

पडताळणी न झालेलं रिटर्न टाकून देता येतं. बटणच आहे तसं. एकदा विचारतं, नक्की का? दाबलं. शिवणारी बाई गेली. गेल्या वर्षीची आहे अजून आत. तिला काढायला वेगळा फॉर्म, वेगळा दंड, आणि तो भरला तर दादाच्या फाइलीकडं बोट जाईल. तिचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

१२ जुलै

माझं भरलं. व्यवसायांच्या यादीत भात-गिरणीपासून सगळं आहे, डिझाईन सापडेपर्यंत डोळे गेले. कोड निवडला. शेठच्या सर्टिफिकेटवरचा टीडीएस आधीच येऊन बसला होता. पासबुकातून खर्च टाकला, कोऱ्या पावत्यांचा सोडून दिला. कर निघाला. शिवणाऱ्या बाईला कधी लागला नव्हता, मला लागला. भरला. ओटीपी आला, टाकला. हिरवी खूण.

आनंद व्हायला पाहिजे होता. आईला सांगितलं, ती म्हणाली, "दादाला कळवलंस का?" लॅपटॉप बंद केला.

१९ जुलै

नवं रिटर्न घेऊन बँकेत. साहेब तोच. "अरे, व्यवसाय बदललात?" म्हटलं, नाही, आता लिहिला. त्याला कळलं नाही. एका वर्षाचं पुरत नाही, मागचंही जुळायला हवं म्हणाला. विचार करून कळवतो म्हणे. म्हणजे पुन्हा ती गेल्या वर्षीची बाई.

दादाचा फोन नाही. त्याच्या मंडपाचा टेम्पो गल्लीवरून गेला, थांबला नाही.

२७ जुलै

मंगलवहिनीचा फोन. मागं पिठाच्या गिरणीचा घर्रर्र आवाज, निम्मं ऐकूच येईना. मी म्हटलं बाहेर येऊन बोला. तर म्हणाली, "न्हाय, हितंच बरं हाय." मग कळलं गिरणीत का उभी आहे ते.

वहिनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून पुण्याला पाठवते. पार्सलवर नाव तिचं, पैसे दादाच्या खात्यात.

"माज्या फाइलीत बी शिवनकामच हाय म्हनं."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"ते आधार कुटं करून घेतलंस तू? किती येळ लागतो?"

सांगितलं. मग तिनं विचारलं, "नंबर बदलला की जुन्या नंबरवर मेसेज जातो का गं? ह्यास्नी?"

माहीत नाही म्हटलं. बघून सांगते. "बग," म्हणाली, "दळान झालं," आणि ठेवला.

माझ्या वेळी गेला असेल तर दादानं वाचला नसेल. ओटीपी सोडला तर तो कधी मेसेज वाचत नाही. आता वाचत असेल.