साहेबाचं उत्तर मायला कसं कळवू?

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९५८
मुंबई, गोदी

बोटीवरच्या गोऱ्या साहेबानं आज विचारलं, "कॅन यू स्विम?" मी झटकन म्हणालो, "यस, आय कॅन." सारंगखेड्याला तापीतच वाढलो, त्यात खोटं काय? नोकरी मिळाली. बोट परत कधी येणार, असं मी विचारलं, तर तो हसला. "मे बी जून."

बोटीवर स्वयंपाक करणारे रामजीकाका म्हणाले, "अरे नंदुरबारी मिरची, कॅन म्हणजे तुझ्या अंगात आहे ते. मे म्हणजे समुद्राच्या मनात आलं तर!"

उद्या सही करून निघायचं. आणि गावच्या घोड्यांच्या जत्रेला बोलावणारं मायचं पत्र आठ दिवस उशाशी पडलंय. 'घोडासनी जत्राले येशी ना?' साहेबाला लगेच उत्तर दिलं, तिला नाही.

डोळे मिटले की तापीच दिसते, सकाळी पाण्यावर धुकं तरंगतं तशी. मी पोहत निघालोय, पण काठ मागे मागे सरकतोय. काठावर माय. समुद्रात एवढं पोहता येईल का मला?

शेवटी कार्ड लिहिलं. 'माय, जत्राले येवाव नही. जूनमा येसू.'

येसू, म्हणजे येईनच, असं ठाम लिहिलं. साहेबाचं ते 'मे' तिला कळवायला हात धजला नाही.