निखिलचं हृदय आणि माझे उंदीर

बुधवार, संध्याकाळ. बिबवेवाडी.

आज निखिलचा इको झाला. हृदयाचं पंपिंग कमी आहे. माझा धाकटा भाऊ, हिंजवडीत आयटीत, मधुमेह असून गोळ्या सोडून बसलेला. रिक्षात म्हणाला, "बाबांचे जीन आलेत, ताई. तेही यातच गेले. आता गोळ्या घेऊन काय होणार?"

मी चिडलेच. घरी आल्यावर समजावलं, नुसते जीन मिळून भागत नाही. हृदयाच्या पेशी कशावर चालतात, चरबीवर की साखरेवर, त्यावरही कोणते जीन चालू राहणार आणि कोणते बंद, हे ठरतं. साखर आटोक्यात आली तर हे बदलू शकतं. लॅबमध्ये मी रोज हेच बघते.

"कुणात बघतेस?"

"उंदरांत."

तो हसला. "छान. त्यांना माझा नमस्कार सांग."

उंदरांत! खोटं कसं बोलणार होते? पण याच्यात बदलेल का, हे मला तरी कुठे माहीत आहे? पुढचं बोलता बोलता मी चक्क रडायला लागले. तो घाबरला. उठला, पाणी आणलं, अर्धं मला दिलं आणि उरलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतली.

माझं शास्त्र पटलं म्हणून नाही, मी रडायची थांबावी म्हणून. चालेल मला.