शुक्रवारी बारापर्यंत एक सही

तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार (गेल्या पत्रात तुम्ही मला गाढव म्हणालात, तरीही). गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब माझ्यामुळे वाढल्याचं कळलं. घरात एवढी माणसं असताना मान मलाच मिळाला, आभारी आहे.

कॉलेज का सोडलं, हे तुम्ही चारदा विचारलंत. तर ऐका. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या तिने (मामींना यातलं काही सांगू नका) सगळ्यांदेखत विचारलं, "तुझं स्वतःचं असं काय आहे रे? चाल भावाची, हसणं मित्राचं, मतं कालच्या भाषणातली." माझं डोकं फिरलं. स्वतःला शोधायला चाललो, असं सरांना बजावून भर तासातून उठलो, दार आपटलं, आणि दप्तर आत राहिलं म्हणून परत आलो. (सरांनी "सापडलास का?" विचारलं. वर्ग अजून हसतोय.) समुपदेशक बाई म्हणतात, या वयात मुलं निरनिराळी सोंगं घालून बघतात, त्यातूनच माणूस घडतो. बाईंचं बरं आहे, त्या घडून मोकळ्या झाल्यात.

मग कुणाचीही नक्कल नसलेलं अस्सल आयुष्य सुरू करायला मी नोकरी धरली. झेरॉक्सच्या दुकानात. दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे, हा निव्वळ योगायोग. झाकण उघडायचं, वही पालथी घालायची, झाकण मिटायचं. त्या हिरव्या उजेडात दिवसभर माझा आत्मशोध चालतो.

सोमवारी ती आली. वहीच्या दोन प्रती काढायला लावल्या, एक उचलली, दुसरी माझ्याकडे सरकवली. "ही तुझी. आधी परीक्षेला बस, मग शोध स्वतःला." मामा, मी तत्त्वाचा माणूस. चांगली दहा मिनिटं विचार केला आणि पुन्हा प्रवेशाचा अर्ज घेऊन आलो.

अर्जावर नवी सही केली. वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर तीन दुपारी घडवलेली, जगात कुणाशी न मिळणारी. हेडक्लार्कांनी ती दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाशेजारी धरली. तिथे विद्यार्थ्याची सही आणि पालकाची सही, दोन्ही हुबेहूब तुमच्या. (तेव्हा तुम्ही परगावी होतात. आणि खरं सांगायचं तर आठवीपासून प्रगतिपुस्तकावर तुमची सही करता करता स्वतःची करायची राहूनच गेली. आठवीनंतर तुम्ही माझं प्रगतिपुस्तक पाहिलंत का, आठवून बघा.) हेडक्लार्क म्हणाले, "जुनी सही मामांची, नवी कुणाचीच नाही. मग तू कोण?" म्हणजे ती, सर, बाई झाल्या, आता कचेरीलाही तोच प्रश्न पडला.

असो. मी खंबीर आहे. कुणाकडे काही मागणार नाही.

तुमचाच (कचेरी काहीही म्हणो),
भाचा

ता. क. शुक्रवारी बारापर्यंत पालकाने कचेरीत समक्ष सही केली, ती जुन्या अर्जाशी जुळली आणि हा माझाच भाचा असं सांगितलं, तर प्रवेश मिळतो. नाहीतर ती पुढच्या वर्गात आणि मी समोरच्या दुकानात. तेव्हा गुडघ्यासकट या.

आणखी एक. तुमच्या गेल्या पत्राखालची सही अर्जाशी ताडून पाहिली. मुळीच जुळत नाही. वयोमानाने तुमची शेवटची रेघ ढेपाळली आहे, माझी अजून ठणठणीत आहे. सोबत नमुना जोडलाय. शुक्रवारपर्यंत रोज एक पान गिरवा. हात बसतो, स्वानुभव आहे.